मागची फळी

बायकोच्या जागेवर धोंडा ठेवल्यावर होडी सरळ झाली. घसरू नये म्हणून मच्छीमाराने धोंड्याखाली तिचं गोणपाटही घातलं. मग धक्का सोडला आणि तो वल्ही मारायला लागला.

काल मासेमारीची दोरी पाण्यात सोडून परत आल्यावर, होडी धुताना त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, “तुझं काय, मागे नुसतं बसून तर असतेस.” बायको भांडली नाही. “मग उद्यापासून तुम्ही एकटेच जा,” एवढंच म्हणाली आणि फळी घासत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. रागात बोललेलं ती विसरायची, शांतपणे बोललेलं कधीच नाही. धाकट्या बहिणीच्या घरी पाऊल ठेवणार नाही, असं एकदा अशीच शांतपणे म्हणाली होती. अजून ठेवलेलं नाही.

समुद्र निवांत होता. एकट्याने जायला याहून चांगला दिवस मिळाला नसता. वल्ही मारताना तोंड मागच्या फळीकडे होतं, त्यामुळे समोर सारखा धोंडाच दिसत होता.

“बघ, जमतंय की,” तो धोंड्याला म्हणाला. धोंड्याने उलट उत्तर दिलं नाही, हे त्याला फार आवडलं.

पाण्यातल्या लांब दोरीला ओळीने गळ लावलेले होते आणि दोन्ही टोकांना तरंगायला एकेक रिकामा डबा. तो होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. काठीने पहिला डबा ओढून घेतला, गाठ सोडली आणि दोरीचं टोक नेहमीसारखं पाठीमागे दिलं.

“धर,” तो म्हणाला आणि त्याने हात सोडला.

मागे वळून बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. टोक मागे दिलं की ते बायकोच्या हातात असायचं. एका हाताने वल्हं धरून ती होडी वाऱ्यासमोर ठेवायची आणि दुसऱ्या हाताने दोरी गुंडाळायची, एकही गळ कशात अडकू न देता. आज ते टोक धोंड्यावर आपटलं, काठावरून घसरलं आणि पाण्यात गेलं. तो आ वासून बघत राहिला.

दुसऱ्या डब्यापाशी पोचेपर्यंत वारा सुटला. दोरी ओढायला उभं राहावं तर होडी आडवी फिरायची, वल्ह्याशी बसावं तर दोरी हातून निसटायची. निम्मी दोरी कशीबशी वर आली. बाकीची खाली खडकात अडकली होती, ती सुरीने कापून टाकावी लागली. होडीत गुंता झाला, एक गळ अंगठ्यात घुसला. टोपलीचा तळ झाकेल एवढेही मासे मिळाले नाहीत.

अंगठा चोखत तो धोंड्यासमोर बसला. मासे गेले ते गेले, दोरी काय, पुन्हा करता येते. पण बायकोने आपलं म्हणणं खरं केलं, तर रोज हेच तोंड समोर असणार होतं. त्याला खरोखर भीती वाटली.

बायको धक्क्यावर उभी होती. मासे विकायला तीच न्यायची, म्हणून तिला यावंच लागलं. तिने टोपली पाहिली, गुंता पाहिला, अंगठ्याला बांधलेली चिंधी पाहिली. मग तिची नजर मागच्या फळीवर गेली.

“हा कशाला?”

“वजनाला.”

“मग झालं तर. नुसतं बसायचंच तर काम आहे.”

तो खाली मान घालून गुंता उगाच चिवडत राहिला.

“त्याला दोरी धरता येत नाही,” शेवटी तो म्हणाला.

बायको होडीत उतरली, दोन्ही हातांनी धोंडा उचलून तिने धक्क्यावर ठेवला. गोणपाट झटकलं, फळीवर अंथरलं आणि त्यावर बसून त्याच्या हातातला गुंता ओढून घेतला.

“धोंडा टाकून दे ना पाण्यात,” तो म्हणाला.

“राहू दे तिथेच,” एक गळ सोडवत ती म्हणाली. “पुन्हा तसं बोललात तर लागेल.”