मुठीचं माप

आप्पांनी ओल्या मातीचा गोळा सुनेच्या हातात दिला. "घट्ट आवळ गो." रेवतीने आवळला. तिच्या बोटांचे ठसे उमटलेला गोळा घेऊन म्हातारा पडवीत गेला.

महिनाभर ती मागे लागली होती, "माडावर मी चढते, नारळ मी पाडते." आप्पांचं उत्तर ठरलेलं, "कोयती माझ्या मुठीची आहे. दुसऱ्याच्या हातात फिरेल, बोटं जातील."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कोयती पुढे केली. जुनी काळी मूठ गेली होती. नवी फणसाची, पिवळीधमक! रेवतीने धरली, तर बोटं आपापल्या खाचेत जाऊन बसली.

"आप्पा, ही तुमच्या हातात कशी बसणार?"

"नाहीच बसत. आता तू चढली नाहीस, तर घरात नारळ नाही."

पदर खोचून रेवती माडाकडे धावतच सुटली.