तळहातावरची बेरीज

वीज गेली आणि विज्ञान प्रदर्शनातला माझा कॉम्प्युटर ऐन वेळी बंद! अनेकांनी एकाच वेळी काम केलं तर हिशेब किती पटकन होतो, हे मी त्यावर दाखवणार होते.

"दाखवायलाच काही नाही, तर जिल्ह्याला कसं पाठवू?" परीक्षक बाई म्हणाल्या.

मी ओरडले, "नववी ब, धावत या गं!"

सगळ्या आल्या. माझ्या पेनाने प्रत्येकीने तळहातावर मनातला आकडा लिहिला. मग शर्यत लागली, बेरीज आधी कोणाची होते! बाई कॅल्क्युलेटर घेऊन एकेक हात वाचू लागल्या. आमचा नियम एवढाच: शेजारणीच्या आकड्यात आपला मिळवायचा, एकीने खाली बसायचं, उरलेल्यांनी नव्या बेरजा घेऊन पुन्हा तेच.

"मला जोडीदारच नाही गं!" मृदुला रडवेली झाली.

"थांब तशीच, पुढच्या फेरीत मिळेल!"

बाई अजून पहिल्याच रांगेत होत्या, आणि एकटी उरलेली मृदुला अख्ख्या वर्गाची बेरीज ओरडून सांगत होती. बाईंनी शेवटपर्यंत मोजलं. उत्तर तेच!

जिल्ह्यासाठी नाव मात्र माझं एकटीचं पुकारलं. मी वळून पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक हातावर माझ्या पेनाची शाई होती.