एका ओळीचं काम

घरात नवरा-बायकोचं बोलणं केव्हाच बंद झालं होतं. ऑफिसात मात्र बोलावंच लागे. ऑफिसातल्या यंत्राचा 'सी' या संगणकभाषेतला मूळ प्रोग्रॅम बायकोचा आणि त्याच्या पोटात चालणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, नवऱ्याच्या. तिच्या प्रोग्रॅममधून त्याची स्क्रिप्ट चालवायची, तर एकेक आकडा ठरल्या क्रमानेच आत ढकलावा लागायचा. क्रम चुकला की यंत्र ठप्प. मग ती नाइलाजाने खुर्ची वळवून विचारायची, "आधी काय, वेग की तापमान?"

तेवढ्यासाठी तो अधूनमधून गुपचूप क्रम बदलून ठेवायचा.

आज तिने सगळ्यांना नवी सोय दाखवली. सीमध्ये एकच ओळ लिहायची, आकड्यांना नावं द्यायची. क्रम आपोआप जुळतो. साहेब खूश झाले, टाळ्या पडल्या. त्यानेही वाजवल्या.

सगळे जागेवर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला केलास? विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की."

"तू क्रम मुद्दाम बदलतोस, हे मला पहिल्यापासून माहीत होतं," ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली. "म्हणूनच केला."