चौथ्या पानावरचा शेरा

"यंदाचा नफा एक्केचाळीस हजार रुपये," जयवंतीने वाचलं, आणि साखरशेतच्या समाजमंदिरात टाळ्या पडल्या.

नाचणी-वरई विकत घेणाऱ्या शेतकरी कंपनीची ही वार्षिक सभा. सभासद तीनशेच्या वर, निम्म्याहून जास्त बाया. जयवंती त्यांची अध्यक्ष. सभा झाली की नवे शेअर विकायचे होते. त्या पैशांतून वरई सडून तिची टरफलं काढायचं यंत्र येणार होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत दाराजवळची धोंडीबाईही होती. तिला स्वतःचं शेत नाही. दुसऱ्याचा माळ अर्धेलीने, म्हणजे अर्धं पीक मालकाला देऊन, करून ती नाचणी काढते आणि पीक निघालं की वीटभट्टीवर जाते. भट्टीवरच्या कमाईतले दोन हजार घेऊन ती आज शेअर घ्यायला आली होती.

जयवंतीने कागदाची घडी घातली. शेजारी नाशिकच्या ऑडिटर भारती मॅडम बसल्या होत्या. त्या तिच्याकडे झुकल्या.

"ताई, माझ्या अहवालातला शेरा राहिला. चौथं पान. तो सभेत वाचावा लागतो."

"माझ्या कागदावर तर नाही."

"तो कागद माझा नाही."

जयवंतीने मागे बघितलं. मॅनेजर कमलेश खुर्चीच्या पाठीला टेकून उभा होता. तिच्या दिराचा मुलगा. इंग्रजी अहवालाचं मराठी त्यानेच करून दिलं होतं. तिने मूळ अहवाल वाचला नव्हता, वाचता येत नव्हता. कमलेशने बोट ठेवलं तिथे सही केली होती.

"काकू, किरकोळ आहे," तो कुजबुजला. "हिशेबाची भाषा. लोकांना काय कळणार?"

"मला सांग."

त्याने मागेपुढे बघितलं. मग अजून खाली वाकून म्हणाला, "आज साठ जण पैसे घेऊन आलेत. यंत्र येऊ दे. पुढच्या पिकात मी सगळं भरून काढतो. कुणाला कळणार नाही."

जयवंतीने हातातला कागद पुन्हा उलगडून बघितला. तिने तो टेबलावर ठेवला.

"मॅडम, तुम्ही सांगा. साध्या मराठीत."

भारती मॅडमनी आवाज वाढवला नाही. "एप्रिलमध्ये मी गोदामातली पोती मोजली. थप्पीच्या तळाची बत्तीस पोती नाचणी बुरशीने गेलेली. ओलीच घेतली होती, वाळवली नव्हती. वह्यांत ती चांगली म्हणून पूर्ण भावाने धरलीत. ती वगळली तर नफा नाही. तेवीस हजार तोटा आहे. मी तुमच्या नावाने पत्रही पाठवलं होतं."

पत्र जयवंतीला मिळालं नव्हतं. तिने कमलेशकडे पाहिलं. त्याने नजर खिडकीबाहेर वळवली.

समोर लोक उठायला लागले होते. शेअरचे अर्ज वाटायला घेतले होते. दोघीतिघींनी पैसे हातात काढून ठेवले होते.

"बसा," जयवंती म्हणाली. गडबडीत कुणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा, मोठ्याने म्हटलं, "बसा सगळे. मी आत्ता वाचलं ते खोटं आहे."

तिने सगळं सांगितलं. बत्तीस पोती, तेवीस हजार, पत्र. कमलेश माझ्या घरातला आहे, मीच त्याला कामावर लावला, आणि न वाचता सही मी केली, हेही सांगितलं.

अर्ज वाटणारे जागीच थांबले. मग रोहिदास उभा राहिला. मागच्या दिवाळीत कंपनीला सगळ्यात जास्त नाचणी त्याने घातली होती.

"पाच वरसं टाळ्या वाजवल्या आम्ही. त्या बी खोट्या का?"

"मागची वर्षं मी तपासलीत," भारती मॅडम म्हणाल्या. "त्यांत असं नव्हतं."

"तुमचं लिवलेलं आमाला कोन वाचून दावतंय?"

मॅडमनी हातातल्या इंग्रजी अहवालाकडे पाहिलं.

"गोदाम उघडा," मागून कुणीतरी ओरडलं. जयवंतीने हात पुढे केला. कमलेशने खिशातून किल्ल्या काढून तिच्या हातावर ठेवल्या आणि तो बाजूच्या दाराने निघून गेला. कुणी अडवलं नाही.

गोदामात वरची पोती बाजूला करायला चार माणसं लागली. तळाचं पोतं सोडलं तसा कुबट वास बाहेरपर्यंत आला. नाचणीचे काळे गठ्ठे झाले होते. एकेक जण आत येऊन बघत होता, काहीजण हात घालून. धोंडीबाईने एक गठ्ठा बोटांनी फोडला, हुंगला आणि टाकून दिला. नंतर बराच वेळ ती लुगड्याला हात पुसत राहिली.

संध्याकाळपर्यंत शेअरचे अर्ज आले सात. सोळा जणांनी आधीच्या शेअरचे पैसे परत मागितले. जयवंतीने त्यांची नावं लिहून घेतली आणि अध्यक्षपद सोडते म्हणून सांगितलं. "मग राहिलेली पोती कोन इकणार? आधी हे निस्तर," रोहिदास म्हणाला. त्याच्या आवाजातला राग अजून गेला नव्हता.

भारती मॅडम गाडीत बसत होत्या. धोंडीबाई गाडीशी येऊन उभी राहिली.

"बाय, तू फुडल्या साली येशील?"

"येईन."

"पोती मोजशील?"

"मोजेन."

"तळाची पन?"

"तळाचीसुद्धा."

धोंडीबाईने दोन हजारांची घडी पोलक्यात सरकवली.

"मंग मी बी तवाच येन," ती म्हणाली, आणि वावर गावच्या रस्त्याला लागली.