कव्हर

"कव्हरं काढा, पण कशाला हात लावू नका," बोंद्रे सर म्हणाले. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून कॉम्प्युटरची खोली वर्षात पहिल्यांदा उघडली होती.

कॉम्प्युटरवर आराखडे काढायचा विषय तेजल वर्षभर कागदावरच शिकली होती. ड्रॉइंग शीटवर तिने पेन्सिलीने अख्खा स्क्रीन काढला होता, एकेका बटणासकट. सरांनी त्याला दहापैकी दहा दिले होते.

साहेब नेमके तिच्याच मागे थांबले. "बाळ, एक वर्तुळ काढून दाखव."

वर्तुळाचं बटण कुठे असतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण माउस तिने कधी धरलाच नव्हता. बाण स्क्रीनभर भरकटत राहिला. साहेब मान हलवून पुढे गेले.

"नाक कापलंस शाळेचं," ते गेल्यावर सर म्हणाले. "वर्षभर झोपा काढल्यास काय? ऊठ, कव्हर घाल."

तेजलची कानशिलं तापली. "झोपला होता तो कॉम्प्युटर, सर. आम्ही जागेच होतो."

तिने कव्हर उचललं, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलं, त्यावर बसली आणि पुन्हा माउस हातात घेतला.