बिचारा

“लई वाळलाय म्हणं बिचारा, पार अर्धा झालाय,” आमटी वाढता वाढता चंपाबाई बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

त्रिशलाचा घास हातातच राहिला. “कोण, आत्ती?”

सासूने मुलाकडे पाहिलं. श्रेयांसने मान खाली घातली. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही त्या घरची रीत. उद्यमबागेतलं आपलं वर्कशॉप बंद करून तो रोज वेळेवर यायचा, आजही आला होता.

“परवा निपाणीला गेलतो न्हवं,” तो म्हणाला. “तिथं त्यो भेटला. त्यानंच फोन करून बोलावल्यालं.”

‘त्यो’ म्हणजे त्रिशलाचा पहिला नवरा. चिकोडीत त्याचं कापडाचं दुकान होतं, मंदिरात अभिषेकाला मान होता. घरी आला की भाजीतल्या मिठावरूनही त्याचा हात उठायचा. एकदा तिचं मनगट मोडलं, तेव्हा बायको पायरीवरून पडली असं डॉक्टरला हळहळून सांगणारा तोच. सोडचिठ्ठी झाली होती. मारहाणीची केस अजून चालू होती.

“काय पायजे त्याला?”

“केस मागं घे म्हणतोय. त्याचं लग्न ठरायला लागलंय. सांगलीकडची पोरगी हाय. तिच्या घरच्यांस्नी केसचं कळलंय, तिथं अडलंय.”

“मग तुम्ही काय म्हणालासा?”

“मी काय म्हणणार? बघूया म्हणालो.”

“कुठं बसून?”

“कुठं म्हंजे? स्टँडसमोरच्या हॉटेलात.”

“म्हंजे त्याच्यासंगट च्या पिऊन आलासा,” त्रिशला सावकाश म्हणाली. “आईला सांगितलासा. मला न्हाई.”

“तुला तरास नको म्हणून गं. तुझ्या भल्यासाठीच...”

माहेरी फोन करायचा नाही, शाळेतली नोकरी सोडायची, खोलीला बाहेरून कडी. तिकडे चिकोडीत सगळं तिच्या भल्यासाठीच झालं होतं. त्रिशला ताडकन उठली. धक्क्याने ताट कलंडलं, आमटी फरशीवर पसरली. ताट सावरायला श्रेयांसही झटकन उठला, त्याचा हात पुढे आला, आणि त्रिशला मागे भिंतीला जाऊन आदळली. दोन्ही कोपरं वर, तोंड हातांत लपवलेलं.

श्रेयांसचा हात होता तिथेच थांबला. “त्रिशला, मी काय त्यो हाय व्हय?”

तिने हातांच्या फटीतून त्याला पाहिलं. मग तिला स्वतःचेच ते हात दिसले. तिला न विचारता वर गेलेले. इतक्या लांब येऊन, आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, त्या माणसाच्या नावानं अजून वर जाणारे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात खाली ओढले आणि नवऱ्यावर ओरडली. असं ओरडणं तिला आजवर कधी जमलं नव्हतं.

“कोण हायसा ते तुम्हीच सांगा! माझं भलं माझ्या पाठीमागं ठरवणारा एक बघून झालाय माझा. बिचारा म्हणं! वाळलाय म्हणं! त्या सांगलीच्या पोरीचं मनगट मोडलं की भरंल त्याचं अंग. आणि तुम्ही बघूया म्हणून आलासा! केस माझी हाय. हाड माझं मोडलंय. काय बघायचं ते मी बघणार. तारखेला मी जाणार.”

“हळू गं,” चंपाबाई दाराकडे बघत कुजबुजल्या. “शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत की. तिकडं बी शेजारी होते, आत्ती. मी आवाज काढला न्हाई, म्हणून ते सुखानं झोपले.”

चंपाबाई फडकं घेऊन आमटी पुसायला खाली बसल्या आणि तशाच बसून राहिल्या.

श्रेयांसचा चेहरा तांबडालाल झाला होता. “मी कधी हात लावलाय तुला? आवाज तरी चढवलाय?” आता मात्र त्याचा आवाज चढला होता. तो वळला आणि दाराकडे निघाला.

“कुठं चाललासा? बसा. माझं झाल्यालं न्हाई.”

तो उंबऱ्यात थांबला. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. त्या तिला दिसल्या. पण ती भिंतीपाशी सरकली नाही. जागची हलली नाही.

तो मागे फिरला आणि सांडलेल्या आमटीशेजारी मांडी घालून बसला.

मग ती बोलत सुटली. चहावरून बोलणं लपवाछपवीवर गेलं, तिथून बाहेरच्या कडीवर, कडीवरून मनगटावर, मनगटावरून त्या डॉक्टरवर, ज्याने तिला स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. जे तिने आईला सांगितलं नव्हतं, वकिलालाही नाही, तेही आलं. मध्येच रडू फुटलं, ते तिने रागारागाने पुसलं. श्रेयांसच्या कपाळावरची शीर उडत होती. दोनदा तो काही बोलायला गेला आणि त्याने ओठ मिटले. खिडकीबाहेर उजेड संपला. आता त्या घरात कुणी जेवणार नव्हतं.

ती दम घ्यायला थांबली, तेव्हा तो म्हणाला, “चुकलं माझं. तुला पहिलं सांगायला पायजे होतं. पण ह्यातलं निम्मं त्याचं हाय, माझं न्हवं, त्रिशला.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “ते बी तुम्हीच ऐकायचं.”