गोधडीतला हीट पंप

“बाबा, आधी हीट पंपावरची ती गोधडी काढा!” मी बर्फातूनच ओरडले. जर्मनीतला आमचा पहिलाच हिवाळा होता आणि घर तापवणारा हा अंगणातला पंप चालू असूनही घर काही तापत नव्हतं.

“गारठेल गं बिचारा,” कानटोपीतून बाबा म्हणाले.

“अहो, तो बाहेरच्या हवेतलीच ऊब आत आणतो. तुम्ही त्याचं नाक दाबलंय!”

“बर्फात ऊब? शहाणीच आहेस,” आई हसली.

“घर तापलं नाही, तर महिनाभर भांडी माझ्याकडे!” मी गोधडी ओढून काढली, जाळीतली पानं टूथब्रशनं झाडली.

संध्याकाळपर्यंत घर इतकं तापलं, की गोधडीही आत वाळली. बाबांनी कानटोपी काढली आणि तीच गोधडी शालीसारखी माझ्या खांद्यांवर घातली. नारळ नव्हता, म्हणून आईनं हातात बटाटा दिला. घामाघूम झाले, पण सत्काराची शाल कुणी लगेच काढतं होय?